कच्च्या लिंबाचा हक्क

मी, महिपत दामाजी तांडेल, राहणार कळवा, जिल्हा ठाणे, प्लास्टिकच्या सोंगट्या आणि फासे पाडणारा कारखानदार, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. काळजाचं सांगवत नाही. बुधवारी डॉक्टर ते उघडणार आहेत. म्हणून कोणाच्या धाकाने वा लाडीगोडीने नव्हे, माझ्या मर्जीने मागची व्यवस्था करतो. कान अजून तिखट आहेत, त्यामुळे कोणाला काय हवंय ते विचारावं लागलेलं नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी मालन हिची. त्यात कोणी वाटा मागू नये, सल्लाही देऊ नये.

२. टिटवाळ्याचे मेहुणे भिवा यांना माझी लोखंडी शिडी. ती त्यांच्याकडेच आहे. आता लपवायचं कारण उरलं नाही.

३. माळ्यावरचा खेळ. एका गिऱ्हाइकाने वीस पैलूंचे फासे मागितले, तेव्हा ‘याने खेळतात तरी काय?’ असं विचारून मी हा खेळ शिकलो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र होऊन काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. सांगणारा मी. खेळणारे माझा पुतण्या नाथा, डोंबिवलीचा श्रीपाद आणि त्याची बहीण उत्तरा.

गेल्या महिन्यात गोष्टीतल्या एका तरीवाल्याने या तिघांना खाडीपार सोडलं. उतरताच नाथाच्या पात्राने त्याला भोसकलं. कारण काय, तर त्याने चेहरे पाहिले होते.

“अरे, त्याने तुला स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं!” उत्तरा ओरडली.

“कच्चा लिंबू होता गं तो. मोजायचा नाय.”

श्रीपाद म्हणाला, “काका, याला हाकला. नाहीतर याच्या डोक्यावर वीज तरी पाडा.”

मी दोन्ही केलं नाही. हाकलला तर दुसऱ्याच्या माळ्यावर जाऊन मारेल. वीज पाडली तर विजेला शिव्या देईल आणि तरीवाल्याला विसरेल. मी एवढंच विचारलं, “लहानपणी अंगणात तुला कच्चा लिंबू करायचे, तेव्हा कोणी आऊट करायचं का रे तुला?”

“नाय.”

“का?”

तो नुसते फासे गोळा करत बसला.

पुढच्या रविवारी मी गोष्टीत तरीवाल्याची बायको आणली. रडारड नाही, शाप नाही. दारात उभी राहून तिने विचारलं, “माझा माणूस तुम्हाला सोडायला आलेला. परत नाय आला. तुम्ही कुठं पाहिलात?” थाप पचते का बघायला नाथाने फासा उचलला. मी त्याचा हात धरला. “फासा ठेव. तोंडाने सांग.” तो फासा भिरकावून खाली गेला. ती बाई अजून दारात आहे.

गोष्ट सांगायची जागा मी उत्तराला देतो. तिने त्या बाईला आत घेऊ नये, परतही पाठवू नये. पुढे कोणी असा वार करायला निघाला, तर फासा पडायच्या आधी समोर कोण उभं आहे ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यावं. मग मारायचं तर मारू दे. मेलेल्याचं घर मात्र गोष्टीत राहिलं पाहिजे.

४. कारखाना. रोजचं काम नाथा बघतो, पण तो मी त्याच्या नावे करत नाही, म्हणून मालन म्हणते, “खेळातल्या खुनावरून पोराच्या पोटावर पाय देता?” तिचं खरं आहे. ती शिक्षा मी इथे देत नाही. पण तो फासा भिरकावून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कारखान्यात पार्टिशनपलीकडून मी ऐकलं. मोल्डिंग मशीनवरची शेवंती म्हणत होती, “नाथाशेठ, जाळी काढून कसं चालवू? साचा मिटला तर हात जाईल.” नाथा म्हणाला, “जाळीने माल कमी निघतो. तुला नसेल जमत तर गेटवर दुसऱ्या उभ्या आहेत.” आवाज तोच होता, माळ्यावरचा.

म्हणून कारखाना मालनच्या नावे राहील. नाथाने तो चालवावा आणि निम्मा नफा घ्यावा. काम त्याला येतं, हे मी शत्रूपुढेही कबूल करीन. जाळीशिवाय मशीन दिसल्यास मेन स्विच पाडण्याचा हक्क शेवंतीचा, आणि त्यापायी तिला कामावरून काढता येणार नाही. मालकी नाथाला केव्हा द्यायची, ते मालन आणि शेवंती मिळून ठरवतील.

५. सह्यांआधीची नोंद. वरचा मजकूर मी माळ्यावर उत्तरा, श्रीपाद आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. नाथा जिन्यात होता; पायरी करकरली ती मी ऐकली. तो वर आला.

“काका, त्या दारातल्या बाईला सांगा. मीच मारलेला.”

“मला नको सांगू. गोष्ट आता उत्तराची.”

उत्तराने त्या बाईच्या आवाजात विचारलं, “कोणाला मारलंस?”

“तरीवाल्याला.”

“नाव काय त्याचं?”

होडी सोडताना त्याने नाव सांगितलं होतं. नाथाला आठवेना. श्रीपाद सांगायला निघाला, त्याला मी डोळ्यांनी गप्प केलं.

“तिला विचारलं तर सांगेल?” नाथा म्हणाला.

“विचारून बघ.”

तो तिच्यासमोर बसला आहे, अजून विचारलेलं नाही. कलम चारमध्ये मी एक अक्षरही बदललेलं नाही.

सही: महिपत दामाजी तांडेल

आमच्यादेखत सही केली, आम्हीही त्यांच्यादेखत केली:
शुभदा हरिहर लेले, शेजारी
शिवराम रामा भोईर, मित्र

ठिकाण: कळवा
रविवार, १३ फेब्रुवारी १९९४