बीएस सहा, सिक्स आणि व्ही-आय

५ ऑगस्ट, मंगळवार. सांगली

रक्तदाब १५०/९६. गोळी घेतली. ती काही रागावरची नाही, म्हणून लिहायला बसलो.

आज आयटीआयत माझ्या डिझेल मेकॅनिकवाल्यांची तोंडी परीक्षा. परीक्षक बाहेरून आलेले. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण वर्कशॉपात असे शिरले की जणू इंजिन यांनीच काढलं. प्रज्ञाला इंजिनापाशी उभं केलं आणि पाटीवरचं वाच म्हणाले. पाटीवर बीएस, पुढे रोमन सहा. धुराच्या नियमाचा टप्पा, दुसरं काही नाही.

तिनं वाचलं, "बीएस सहा."

झालं! "सहा? सहा काय? सिक्स म्हण, सिक्स. इंजिन आहे का एसटीचा फलाट?" मग आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. वडूज म्हटल्यावर, "वाटलंच."

वाटलंच! काय वाटलं तुला, मेल्या?

चार आणि सहात फरक काय, हा खरा प्रश्न. पोरीनं एका दमात सांगितलं. काजळी अडवणारा फिल्टर, धूर मारायला युरियाचं पाणी, सेन्सर कुठं कुठं, फिल्टर तुंबला तर गाडी कशी दम सोडते. माझ्या वर्गात असं सांगणारं दुसरं कोणी नाही. तिचा बाप वडापची, शेअर फेऱ्यांची जीप चालवतो, पोरगी पाना हातात घेऊनच वाढली. पण साहेब ऐकतात कुठं? हसत हसत गुण टाकले. जाता जाता, "तुला शिकवलं कुणी हे?"

ती म्हणाली, "माझंच चुकलं, सर."

चहाच्या वेळी त्यानं तिची नक्कल केली. बिस्किटं आमची खाऊन. दोघंतिघं हसलेही.

६ ऑगस्ट, बुधवार

सहा म्हणायला मी शिकवलं. मीच.

आधीच्या पोरांना ती अक्षरं वाटायची. 'व्ही-आय, व्ही-आय' असा मंत्र म्हणायची, आणि व्ही-आयच्या आधी काय होतं विचारलं की छताकडे बघायची. म्हणून सांगितलं, बाबांनो, हा आकडा आहे. चारनंतर आलेला सहा. पाच मधला गाळला सरकारनं. सहा म्हणा, इंजिनाला कान नसतात.

परीक्षकाला असतात, हे सांगायचं राहिलं.

आमच्या वाडीत मार्क टूचा हातपंप होता. पाटीवर दोन काठ्या शेजारी शेजारी, म्हणून अख्खी वाडी त्याला 'मार्क अकरा' म्हणायची. दुरुस्तीवाला येऊन 'अकराला काय झालं' म्हणून विचारायचा आणि वॉशर बदलून जायचा. पाणी कधी रुसलं नाही. पुतण्या सांगतो, फोनच्या दुकानात 'एक्स' मागितला तर पोरं गालात हसतात, 'टेन' म्हणायचं असतं म्हणे. गिऱ्हाइकाला हसायचं! आणि आकडा कुणाचा? ना आमचा, ना इंग्रजांचा. रोमचा. पण इंग्रजीत वाचला की शहाणा आणि मराठीत वाचला की अडाणी. कुठला न्याय हा?

एवढं सगळं जेवताना बोललो. सुमन भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? तिथंच बोलायचं होतं."

बायकोला नेमकं कुठं बोट ठेवायचं ते कसं कळतं. जेवण गेलं नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

परीक्षा विभागाकडे तक्रार दिली. दोन फुलस्केप. पोच घेतली. 'विद्यार्थिनीचा जाणीवपूर्वक अवमान', 'गाव व आडनाव विचारून शेरेबाजी'. शब्द बरे जमले. प्रज्ञाला विचारलं नाही. तिच्या भल्याचंच आहे, विचारायचं काय त्यात.

एक वाक्य मात्र डाचतंय. 'उपस्थितांकडून असे समजते की...'

थापा. समजायला कशाला हवं, मी होतो तिथं. बाकीच्या मुलांनी डोकावू नये म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं आणि मी बाहेर हजेरीपट धरून उभा. शब्द न् शब्द ऐकला. 'शिकवलं कुणी' हे ऐकल्यावर वाकून आत जायला किती वेळ लागतो? गुडघे धरले तरी दहा सेकंद. नाही गेलो. तो वरच्या साहेबांच्या बैठकीतला, माझी निवृत्ती वर्षावर आलेली. पेन्शनचे कागद डोळ्यांपुढं नाचले.

सत्तावीस वर्षं पोरांना सांगतोय, इंजिन गरम असलं तरी हात घालायला शिका.

हे इथंच राहू दे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी प्रज्ञाचा फोन. साताऱ्याहून. तिथल्या औद्योगिक वसाहतीत मुलाखत झाली. आवाज उड्या मारत होता.

"सर, घेतलं म्हणत्यात! पंचवीसला हजर व्हायचं. मार्कशीट तेवढी आणून दे म्हणाले."

तोंडीत गुण कमी पडूनही पहिल्या वर्गात बसते पोरगी. मी म्हटलं, काय काय विचारलं? तर म्हणाली, समोरचे मोठे साहेब पहिल्यापासून शेवटपर्यंत 'बीएस व्ही-आय, बीएस व्ही-आय' करत होते.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी बी व्ही-आयच म्हटलं."

डोकं सणकलं. म्हटलं, अगं, निदान सहा तरी म्हणायचंस! सिक्स म्हणायचंस! ते चूक आहे, तुला माहीत आहे!

"म्हाईत हाय की. पण सर, तुमचं बरोबर असून मला काय करायचंय? नोकरी मला लागायची हाय."

फोन ठेवल्यावर पोर्चमध्ये फेऱ्या मारल्या. एकजण सहाला हसतो, एकजण व्ही-आयवर कारखाना चालवतो, आणि दोघांपुढं मान डोलवायची हिनंच. चीड येते. पण तिच्यावर काढायची नव्हती. तिला साधं अभिनंदनसुद्धा म्हणालो नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

तक्रारीवर पत्र आलं. एवढ्या लवकर सरकारी पत्र आलं की समजावं, काहीतरी वाकडं आहे. 'सुनावणीची तारीख यथावकाश कळविण्यात येईल. तोपर्यंत संबंधित उमेदवाराचा निकाल राखून ठेवण्यात येत आहे.'

संबंधित उमेदवाराचा! अरे, तक्रार परीक्षकाची आणि अडवलं कुणाला? मार खाल्ला तिनं, आणि कोंडलंही तिलाच. पत्र चुरगळलं. मग परत सरळ केलं, त्यावरचा जावक क्रमांक लागतो.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन. जीप स्टँडवर लावलेली असणार, मागून उंब्रज-उंब्रज ओरडणं ऐकू येत होतं.

"जयभीम सर. आवं, पोरीच्या निकालाचं काय अडलंय का? बाकीच्या पोरांची मार्कशीट आली. हिची न्हाई. तुमीच बघा काय ते, तुमच्याबिगर आमचं हाय कोण तिथं?"

म्हटलं, बघतो. तक्रार मी केली आहे, हे सांगितलं नाही. दुसऱ्यांदा गप्प बसलो. आता सवय होत चालली म्हणायची.

रक्तदाब मोजला नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

विभागात जाऊन आलो. खिडकीवरचा लिपिक मनुष्य बरा, आवाज खाली करून बोलतो.

"गुरुजी, तक्रार मागे घ्या, त्याच दिवशी निकाल सोडतो. छापील अर्ज आहे. तुमची सही, मुलीची सही. कारणाच्या रकान्यात 'गैरसमजातून तक्रार केली' एवढं लिहायचं."

म्हटलं, दुसरं काही लिहिलं तर?

"मग फाइल पुढे जाणार. सुनावणी. दिवाळी धरा."

म्हणजे मी लिहून द्यायचं की त्या शहाण्यानं काही केलंच नाही. पुढच्या वर्षी तोच येणार, त्याच इंजिनापाशी, आणि दुसऱ्या कुणाचं तरी आडनाव विचारणार. वर माझा कागद दाखवणार, बघा, मागच्या खेपेला गैरसमज होता.

रस्त्यात रिक्षावाल्याशी भांडलो. त्याची काही चूक नव्हती.

प्रज्ञाला फोन करून सगळं सांगितलं. तक्रार मी केली, तुला न विचारता केली, त्यामुळं तुझा निकाल अडला. मागे घ्यायच्या अर्जावर तुझीही सही लागते. ती म्हणाली, "उद्या येते सहीला."

२१ ऑगस्ट, गुरुवार

आली. पहाटेची पहिली गाडी धरून. सुमननं पोहे पुढं केले, ते तिनं उभ्यानंच खाल्ले. अर्ज दिला. न वाचता सही केली.

म्हटलं, वाच तरी. म्हणाली, "काय वाचायचं सर. सोमवारी हजर व्हायचंय."

मग मला राहवलं नाही. म्हटलं, प्रज्ञा, एक सांगायचं आहे. त्या दिवशी मी...

"म्हाईत हाय."

काय माहीत आहे?

"शटरखालनं तुमचं बूट दिसत व्हतं. थोडी वाट बघितली, तुमी आत येताय काय म्हणून. मग म्हटलं, माझंच चुकलं."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. गाडीची वेळ सांगावी तसं म्हणाली. सुमनच्या पाया पडली, माझ्या पडायला वाकली, मी पाय मागे घेतले. साडेदहाच्या गाडीनं गेली.

उद्या शुक्रवार. नंतर शनिवार-रविवार सुट्टी, सोमवारी तिला मार्कशीट दाखवायची आहे. म्हणजे अर्ज द्यायला उद्याचाच दिवस.

दुपारपासून टेबलाशी बसलोय. गैरसमज लिहायचं. पण गैरसमज झाला कुणाचा? त्याला जे म्हणायचं होतं ते तो स्पष्ट म्हणाला. मी स्पष्ट ऐकलं. आणि तिनं मला स्पष्ट पाहिलं.

खरं लिहिलं तर माझी लाज धुऊन निघेल, आणि तिची नोकरी जाईल. म्हणजे पुन्हा तिनंच...

सुमन दोनदा डोकावून गेली. प्रज्ञाची सही झालेली आहे, निळ्या शाईत, आडनावासकट पूर्ण. खिडकी दहाला उघडते. कारणाचा रकाना अजून कोरा आहे.