साडेतीन शंकू

बाई,

तुम्ही इतवारीतल्या आमच्या पत्र्याच्या दुकानात पहिल्यांदा आलात तेव्हा मी विशीत होतो. शाळा सातवीतच सुटलेली, पण नरसाळी करण्यात माझा हात धरणारा गल्लीत कोणी नाही अशी माझी पक्की समजूत होती. तुम्ही म्हणालात, "सहा इंच रुंद, सहा इंच उंच डबा कर. तेवढ्याच तोंडाचा, तेवढ्याच उंचीचा शंकू कर. नववीच्या पोरींना शंकूनं ज्वारी ओतून डबा भरून दाखवायचा आहे. बरोबर तिनात भरतो." मी म्हटलं, "नरसाळ्याचं टोक बंद करायचं, इतकंच ना? संध्याकाळी न्या."

तिसऱ्या दिवशी तुम्ही परत हजर. समोर हातगाड्या अडलेल्या, सगळी गल्ली ऐकते आहे, आणि तुम्ही शंकू माझ्यापुढे ठेवता. "काहून गा, हे काय करून दिलं? साडेतीन लागून राहिले. पोरी मले हसल्या." मला लाजेपेक्षा रागच जास्त आला. "जवारी ओली असन बाई, नाही तं तुमचं पुस्तक चुकलं असन. माझा पत्रा नाही चुकत." तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग उद्या पत्रा-कात्री घेऊन वर्गात ये. पोरींपुढं सांग." शेजारचा भांडेवाला लगेच ओरडला, "जा गा मास्तर, शिकव आता!" न जाऊन चालणारच नव्हतं. गेलो नसतो तर गल्लीत माझी कारागिरी संपली असती.

वर्गात मी ज्वारी ओततो, पोरी मोजतात. तीन झाले, डबा उणाच. मागच्या बाकावर कुजबुज, "भाऊचे कान पाहा वं, लाल होऊन राहिले." माझे कान तिखट, सगळं ऐकू येतं. तुम्ही चूक शोधायला पोरींनाच सांगितलंत. एकीनं शंकू पालथा घातला, शेजारी पट्टी उभी धरली. उंची जेमतेम सव्वापाच. "भाऊ, तुम्ही सहा इंच उतार घेतला, उंची नाही!" खरंच होतं. आम्ही पत्रेवाले उताराच्या, म्हणजे तिरक्या कडेच्या मापानं पत्रा कापतो. नरसाळ्याची उभी उंची कोण कशाला मोजतो? मग तुम्ही फळ्यावर काटकोन काढलात. तीनचा वर्ग, सहाचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उतार पावणेसातच्या जरासा आत. मी तिथंच टेबलावर पत्रा कापला, वळवला, शिवण ठोकली. भरला. एक, दोन, तीन, आणि डबा काठोकाठ! पोरींनी बाकं बडवली. "आता सांग, कोण चुकलं?" "मी, बाई," म्हणालो आणि स्वतःच हसत सुटलो. चुकल्याचा एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

पुढं तुम्ही गोल मागितलात, पिरॅमिडसारख्या सूची मागितल्यात, आणि तुमच्या शाळेमागून दुसऱ्या शाळा आल्या. आज कळमेश्वरच्या शेडमध्ये मी शाळांसाठी हेच आकार बनवतो.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र टाकायचं कुठं? तरी एक सांगून टाकतो. डबा भरत येतो तसा ओतण्याचा आवाज चढत जातो. त्या दिवशी दुसरा शंकू ओततानाच मला ऐकू आलं, थोडं कमी पडणार. घाईत शिवण जाड झाली होती, शंकूत ज्वारी जरा कमी मावत होती. म्हणून तिसरा मी काठावर शीग लावून भरला. मूठभरच, बाई. तुम्ही माझ्या हाताकडेच पाहत होतात.