माझ्या जिवाणूंचे वारस

मी, निवृत्त रेण्वीय जीवशास्त्रज्ञ, वय एकाहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते तापलेलेही आहे. दोन्ही एकाच वेळी चालते, असे मी माझ्या वकील भाचीला विचारून घेतले आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी माझी पुस्तके संस्थेला दिली होती.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी भाचीला. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिने मला उठवले-बसवले आणि एकदाही "आत्या, आता तरी स्वस्थ बस" म्हटले नाही. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या भावाने, रोज म्हटले. भावाला माझी आरामखुर्ची द्यावी. त्याने तीत स्वस्थ बसावे.

२. ज्या संस्थेत मी हयात घालवली, तिला काहीही देऊ नये. कारण लिहायची गरज नाही, असे भाची म्हणते. मला आहे.

मी मातीतल्या एका जिवाणूवर काम केले. कडक उन्हात त्याच्या डीएनएचे तुकडे पडतात आणि एक प्रथिन ते परत सांधते. कसे सांधते, एवढाच माझ्या आयुष्याचा प्रश्न. त्यासाठी आम्ही ते प्रथिन मुद्दाम जागोजागी बिघडवले आणि प्रत्येक बिघाडाचा वेगळा वाण कुपीत गोठवून ठेवला. या कामावरचे माझे शोधनिबंध फारसे कोणी वाचले नाहीत. लोकांनी वाचले ते दोन पानांचे एक टिपण: या जिवाणूचे कवच कपड्यांच्या साबणाने कसे फोडावे. यंत्र बंद पडले होते, म्हणून एका दुपारी लिहिलेले. त्याचा संदर्भ चार हजारांवर शास्त्रज्ञांनी दिला. बाकी सगळ्या कामाचा मिळून शंभरांनीही नाही. मला पुरस्कार मिळाला तो साबणाचा. व्यासपीठावर मी तसे म्हटले, तर सभागृह हसले. मी विनोद केला नव्हता.

माझ्या हाताखाली दोघांनी पीएच.डी. केली. मी त्यांना थोरला आणि धाकटी म्हणते. थोरला आज संस्थेचा संचालक आहे. धाकटी एका लहान कॉलेजात शिकवते, कारण तिची सायटेशन्स, म्हणजे इतरांनी दिलेले संदर्भ, कमी भरली म्हणून संस्थेने तिला घेतले नाही. त्या निवड समितीत थोरला होता.

मी दवाखान्यात पडून असताना थोरल्याने संस्थेतला माझा फ्रीझर बंद केला आणि कुप्या फेकल्या. धाकटीने फोन करून जाब विचारला तेव्हा म्हणाला, "अगं, त्या कामाला कुणी विचारत नाही. बाईंचं नाव आहे ते त्या टिपणामुळे. बाकीच्यासाठी वीज कशाला जाळायची?"

हे तिनेच मला पलंगाशी उभे राहून सांगितले. मग म्हणाली, "बाई, रडू नका. तुम्ही निवृत्त झालात तेव्हाच मी प्रत्येक वाणाची एकेक कुपी माझ्या कॉलेजात नेली होती. तुम्हाला विचारलं होतं. 'ने गं' म्हणालात आणि विसरलात."

मी रडत नव्हते, हे येथे नमूद करते.

पुढच्या हिवाळ्यात लहान मुलांच्या इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे एक बहीण-भाऊ होते. खिडकीतून आलेल्या उन्हानेही त्यांची कातडी सोलून निघे. त्यांच्या शरीरातले बिघडलेले प्रथिन माझ्या जिवाणूच्या प्रथिनाच्या नात्यातले निघाले, आणि अगदी तसाच बिघाड आमच्या एका वाणात होता. डॉक्टरीणबाईंनी माझा जुना निबंध वाचला होता. सगळा. धाकटीने दुसऱ्याच दिवशी कुपी बर्फात घालून नेऊन दिली. मुले बरी झाली नाहीत. खोटे लिहिणार नाही. पण त्या वाणावर तपासून कोणती औषधे त्यांना घातक ठरतील ते कळले, आणि ती बंद झाली.

३. सर्व वाण, माझी पिपेट आणि सूक्ष्मदर्शक धाकटीला. अट एकच: जो मागेल त्याला वाण द्यावा, त्याची सायटेशन्स न मोजता. थोरल्यालाही.

४. माझ्या नावाने सभागृह, व्याख्यान, काही नको. शोकसभेत कोणी माझ्या सायटेशनचा आकडा उच्चारल्यास भाचीने उठून माइक बंद करावा. तिला तसा अधिकार देत आहे.

५. हे कलम काल सुचले. थोरला घरी आला होता. मुलांची बातमी छापून आल्यावर संस्थेला आता या कामात उतरायचे आहे.

"बाई, वाणांचा एक संच आम्हालाही हवा होता."

"मिळेल. आधी हे वाच."

त्याने वरची चारही कलमे वाचली. चहा गार झाला. मग म्हणाला, "'फेकल्या'ऐवजी 'निकालात काढल्या' असं लिहाल का?"

"नाही."

"समितीत मी तिच्या बाजूनं बोलायला हवं होतं."

"हे मला नको, तिला सांग. आणि उद्या सकाळी ये. मला दुसरा साक्षीदार हवाय."

भाची म्हणाली, "आत्या, साक्षीदारानं मजकूर वाचलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही."

कायद्याने काय म्हणायचे ते म्हणावे. माझ्या दुसऱ्या साक्षीदाराने सगळे वाचूनच सही करावी, हेच हे कलम. आज थोरला वेळेवर आला आहे आणि टेबलापाशी उभा आहे. येताना धाकटीच्या कॉलेजात जाऊन आलो, म्हणाला. ती काय म्हणाली, ते मी विचारले नाही.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: १४ जून २०२३

(सही) मृत्युपत्र करणारी

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली.

साक्षीदार पहिली: (सही) बालरोगतज्ज्ञ. बाईंना मी आज तपासले आहे. त्या पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार दुसरा: (सही) संचालक. मजकूर वाचला. एकही शब्द बदलू नये.