बाहेरून कुलूप

आई,

तुला कधी पत्र लिहिलं नाही. तुला वाचता यायचं नाही आणि मला सवड नसायची. आज लिहितोय, कारण उद्या संध्याकाळी पाचला शहराच्या आराखड्यावर हरकती घेण्याची मुदत संपतेय.

तू गेलीस तेव्हा मी प्लंबरच्या हाताखाली पाइप वाहत होतो. आता चाकणच्या रस्त्यालगत माझी स्वतःची चाळ आहे, खाली बारा खोल्या आणि वर चढवलेला आणखी एक मजला. मी राहतो वाकडला, लिफ्टच्या इमारतीत. भाडेकरू सगळे कंपन्यांतले, लातूर-वाशिमकडचे, मला भाऊ म्हणतात. खोलीत चौघं असं ठरतं आणि राहतात आठ. चौघं पहिल्या शिफ्टला निघाले की तिसऱ्या शिफ्टचे चौघं त्याच गाद्यांवर येऊन पडतात. ते झोपले की शेजारचा कुणी बाहेरून कुलूप लावतो आणि चावी खिडकीतून आत टाकतो. दाराला कुलूप दिसलं की कुणी वाजवत नाही, झोप मोडत नाही.

मध्यंतरी घरांची पाहणी आली. शहरात किती घरं कमी पडतात, कमी पगाराच्या माणसाला परवडतील अशी कुठं बांधायची, ते ठरवायला. टॅब घेतलेली एक मुलगी उन्हात दारोदार फिरत होती. मी तिला चहा पाजला, खुर्ची दिली, गप्पा मारल्या. सातव्या खोलीच्या कुलपापाशी ती थांबली. "काका, ही रिकामी का?" आतून घोरणं येत होतं. रस्त्यावरच्या कंटेनरांच्या आवाजात तिला ते कळलं नाही. माझे कान तुला ठाऊक आहेत. आठ म्हणालो असतो तर एवढ्या माणसांना संडास किती, परवानगी कसली, सगळंच उकरून निघालं असतं. मी हसून म्हणालो, "रिकामीच हो. भाडेकरू कुठं मिळतात हल्ली?" आणि आतलं घोरणं थांबलं. खाट एकदा करकरली, मग काहीच नाही. एक माणूस माझ्या शब्दाखातर आत श्वास धरून बसला होता. मुलीनं 'रिकामी' लिहिलं, आणि पुढच्या कुलपांना तर विचारलंसुद्धा नाही.

तेव्हा तू आठवलीस. भोसरीची आपली खोली. बाबा रात्रपाळी करून आत झोपलेत, गावाकडचे दोघं काका त्यांच्या शेजारी. मालक माणसं मोजायला आलाय आणि मी उंबऱ्यावर बसून सांगतोय, "घरात कुणी नाही." तू कॅन्टीनमधून येतेस, हाताला कांद्याचा वास, आणि तोच हात माझ्या गालावर बसतो. "जित्या बापाला न्हाई म्हन्तूस?" मला दंडाला धरून मालकाच्या अंगणात नेलंस, खरी संख्या माझ्याच तोंडून वदवलीस. म्हातारा शांतपणे म्हणाला, "मंग बाई, दोघांला दुसरीकडं बघाया सांगा. न्हाई तर समदेच निघा." काका त्याच आठवड्यात गेले. जाताना धाकट्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, तुझ्याकडं पाहिलं नाही. खरं बोलून काय मिळालं, हे मी तुला कितीदा ऐकवलं. माझा धंदा त्याच प्रश्नावर उभा राहिलाय, आई.

आता आराखड्याचा मसुदा आलाय. चाळीमागच्या मोकळ्या जागेवर कामगारांसाठी स्वस्त भाड्याची घरं व्हायची होती. ती वगळलीत. कारण लिहिलंय, या भागात रिकाम्या खोल्या पुष्कळ आहेत.

काल मी सातव्या खोलीतल्याला चहाच्या टपरीवर गाठलं. दिवसा कुलपाआड झोपणाऱ्या चौघांतला घोरणारा तोच. त्या घरांच्या आशेवर त्यानं बायकोला आणायचं ठरवलं होतं. लेकरू चालायला लागलंय, ते त्यानं मोबाइलवरच पाहिलंय.

"त्या दिवशी जागा होतास ना रे?"

"कोणत्या दिवशी, भाऊ?" त्यानं बशीत फुंकर मारली.

"सोंग करू नकोस. खोलीत किती जण राहता?"

"तुमी म्हणाल तेवढे."

टोमणा असता तर मी हसण्यावारी नेला असता. पण तो खरंच विचारत होता. खोली सुटेल याची भीती त्याच्या डोळ्यांत होती, आणि ती मीच घातलेली होती.

"आठ," मी म्हणालो. "आठच म्हण. कुणी काढणार नाही तुला."

"लिहून देता?"

हसलो मी. माझाच भाडेकरू, माझ्यासारखा तयार झालेला. मग टपरीवरच कागद मागवला आणि लिहून दिलं.

आज हरकतीचा अर्ज तयार झालाय. बाराही खोल्यांत कोण राहतं, कुठल्या शिफ्टला झोपतं, सगळं मांडलंय. पाहणी पुन्हा करा, शिफ्ट बघून करा, अशी मागणी केलीय. खाली पहिली सही माझी, दुसरी त्याची. चौकशी माझ्या दारात येणार हे मला कळतंय. उद्या मी स्वतः जाऊन देणार आहे.

फक्त वरचा मजला त्यात नाही. तो परवानगीशिवाय चढवलाय. एकदा कागदावर आला की पाडतील, आणि ती माणसं जातील कुठं, असं मी स्वतःला समजावतोय. निम्मं खरंही आहे. हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून इथं तरी लिहितो. वर छत्तीस जण राहतात.