नऊ नंबरचा बेंड

प्रिय ताई,

कागद वाकडा कापलाय म्हणून नाक मुरडू नकोस. कागदाच्या कारखान्यात आहे मी, इथे असली कात्रणं पायाखाली येतात. शनिवारची दुपार, कॅन्टीनमध्ये बसलोय. पाय सारखा हलतोय, समोरचा वेल्डर दोनदा ओरडला, टेबल हलवू नकोस रे, चहा सांडतोय. सोमवारी सकाळी आठला मोठ्या पाइपातून वाफ सोडायची होती आणि ती सुटू नये म्हणून मी सकाळपासून वणवण करत होतो. का, ते सांगतो. सरळ सांगता येईलच असं नाही, तुला माझी सवय आहे.

मी अकरावीत दुसऱ्यांदा आपटलो तेव्हाचं आठवतं? तू जेवणाच्या टेबलावर कामाचे, पाइपांचे नकाशे पसरून बसायचीस आणि मी चिडवायचो, एवढा जाड पाइप कशाला, पोलाद फुकट आलंय का? तू बाजाराची पिशवी पुढे धरलीस. ही सात किलोला फाटते, म्हणून मी हिच्यात दोनच किलो घालते. उरलेलं बळ वापरायला नाही. ते मला न दिसलेल्या गोष्टींसाठी आहे: उसवलेली शिवण, वाटेतला हिसका आणि पिशवी गरगर फिरवत चालणारा माझा भाऊ. पोलादाचंही तसंच, म्हणालीस. ज्या ताणाला ते तुटतं, त्याचे साडेतीन भाग करायचे आणि एकाच भागावर काम भागवायचं. मी हसलो, तीच पिशवी फिरवत बाजारात गेलो आणि सहा अंडी फोडून घरी आलो. तेव्हापासून मी भिंगरी.

तर भिंगरीचं सध्याचं काम पाइपाची जाडी मोजण्याचं. कारखाना आठवडाभर बंद आहे, त्यात सगळं तपासून घ्यायचं. पाइपावर जेलचा ठिपका द्यायचा, यंत्राचं टोक टेकवायचं, आकडा दिसतो. पाइप नवा होता तेव्हा आठ मिलिमीटरच्या थोडा वर होता. चारच्या खाली गेला तर चालवायचा नाही, असं नकाशावर लिहिलंय. चाळीस बेंड, म्हणजे पाइपाची वळणं, प्रत्येकाला चार बाजूंचे चार आकडे. बेंडची बाहेरची बाजू सगळ्यात आधी झिजते. वाकवतानाच तिथलं पोलाद ताणलं गेलेलं असतं आणि पुढे वाफही तिथेच आपटत राहते. हे मला इथल्या कुणी शिकवलेलं नाही, तुझ्याच बडबडीतलं कानात राहिलंय.

नऊ नंबरच्या बेंडची बाहेरची बाजू भिंतीकडे आहे. तिथे पोचायला परांची हलवावी लागते आणि परांचीवाले काल साडेतीनलाच निघून गेले होते. मला पाचची बस गाठायची होती. कुठली बस, ते तुला माहीत आहे. आठ नंबरला सहा पूर्णांक चार आला होता. नऊच्या रकान्यात मी सहा पूर्णांक तीन लिहिला. चार नाही, तीन, म्हणजे खरा वाटावा. ताई, खोट्या आकड्यापेक्षा त्या एका दशांशाची मला जास्त लाज वाटते.

त्या बेंडच्या बरोबर खाली पॅकिंगवाल्या मावशी बसतात. त्यांनी जागा स्वतः निवडलीय, वरून ऊब येते म्हणून. पाइप गार पडल्यापासून त्यांचे गुडघे कुरकुरतायत. काल मी शिडीवरून उतरलो तर म्हणाल्या, “काय रे माकडा, झालं का लोंबकळून? सोमवारी नक्की सुरू ना?” मी म्हणालो, नक्की. त्यांनी बसमध्ये खायला बिस्किटांचा पुडा दिला.

बसमध्ये तो पुडा फोडला आणि पुढे काय झालं ते नीट सांगता येत नाही. पहिलं बिस्किट तोंडातच राहिलं. तिसऱ्या थांब्यावर उतरलो. परतीला गाडी नव्हती, दहा किलोमीटर चाललो. माझं चालण्याशी वाकडं नाही, पण मागे चालायची सवय नव्हती.

आज सकाळी परांची हलवून घेतली आणि तीनदा मोजलं. तीन पूर्णांक सहा, तीन पूर्णांक सात, तीन पूर्णांक सहा. सुपरवायझर म्हणाला, “घाबरतोस काय बायकांसारखा? साडेतीनपट धरलंय त्यात!” ताई, तिथेच माझ्या डोक्यात तुझी पिशवी लख्ख झाली. पाइप बनवणाऱ्यानं म्हटलं असेल, थोडा पातळ निघाला तर काय, साडेतीनपट आहे. वाकवणाऱ्यानंही तेच म्हटलं असेल. सुपरवायझर तर तोंडावर म्हणाला. मी न म्हणता तेच केलं. प्रत्येकाला वाटतं, ते राखून ठेवलेलं बळ आपल्या एकट्यासाठीच आहे.

मग बॉयलरवाल्या काकांकडे गेलो. ते म्हणाले, मी तोंडी काही ऐकत नाही. कालचा आकडा खोटा असेल तर तसं लिहून दे, मग बघतो कोण पेटवतो बॉयलर. मी लिहिलं, नऊ नंबरची बाहेरची बाजू मोजली नव्हती, आकडा मनाने टाकला. खाली सही केली. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि चावी खिशात टाकली. सोमवारची वाफ थांबली. मावशी माझ्याशी बोलत नाहीत, गुडघ्यांवरून. नोकरी या कामापुरतीच, असं सुपरवायझरनं सगळ्यांसमोर सांगितलं. आणि काकांनी वर ऐकवलं, एक आकडा खोटा निघाला म्हणजे उरलेल्या एकशे एकोणसाठांवर मी कसा विश्वास ठेवू? खरं आहे. सगळे चाळीस बेंड पुन्हा मोजायचेत, मीच.

म्हणून हे पत्र. सोमवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि तिच्याजवळ थांबायला मी येणार होतो, कालची पाचची बस त्यासाठीच होती. मी येत नाही. फोन केला असता तर तू ‘बरं’ म्हणाली असतीस आणि तुझ्या त्या ‘बरं’नंतर मला काही बोलता येत नाही. कागदाची गाडी तिकडे निघालीय, ड्रायव्हर उद्या सकाळी पत्र हातात देईल. तू शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं असशीलच, आणि काकूंना जमलं नाही तर म्हणून अर्ज देऊन रजाही घेतली असशील. माझ्या शब्दासाठी तू कायम एवढं राखून ठेवलंस आणि मी ते माझंच समजून वापरत आलो. आईला सांग, या वेळी तो पळाला नाही, अडकलाय. कधी येतो ते लिहीत नाही. न मोजलेला आकडा पुन्हा लिहायचा नाही, असं ठरवलंय.

तुझाच,
भिंगरी