खोपीतून आलेलं उत्तर

प्रिय आईस,
लांबच्या लेकीचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, दोन्ही वेळा नीट जेवते. तुझे गुडघे काय म्हणतात? दादा औषधं वेळेवर देतो ना?

इथे तळ्याकाठच्या लाकडी खोपीत लपून मी क्रौंचांचे फोटो काढते. बाहेर पडताना पांढरा झगा घालायचा, तोंड झाकायचं आणि चकार शब्द काढायचा नाही, म्हणजे पक्ष्यांना माणसाची सवय लागत नाही. माझा झगा माझ्याआधी इथे काम करणाऱ्या बाईंचा आहे. त्यांनी तो घालून एक पोरकं पिल्लू वाढवलं. मागच्या महिन्यात त्या वारल्या.

ते पिल्लू आता माझ्या खांद्याला लागतं. रोज खोपीच्या फटीशी येऊन लेन्सला डोळा लावतं. काल थवा हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे उडाला, ते मागेच राहिलं. तळ्याचे राखणदार म्हणाले, "बाई, हे तुमच्या गळ्यात पडलंय. ते तुम्हालाच आई समजतं, सोडून जाणार नाही. तळं गोठलं की उपाशी मरेल."

म्हणून आज मी त्याच्यासमोर झगा उतरवला आणि म्हटलं, "मी ती नव्हे रे बाळा."

त्याने मला बराच वेळ निरखलं. मग माझ्या मागच्या रिकाम्या खोपीकडे पाहून, पिल्लं आईला घालतात तशी हळू साद घातली. आई, खोटं नाही सांगत, आतून उत्तर आलं. ते ऐकलं आणि पिल्लू थव्याच्या दिशेने उडून गेलं.

कॅमेरा अजून खोपीतच आहे. उद्या राखणदारांना सोबत घेऊन आणीन. तू काळजी करू नकोस.

तुझीच,
धाकटी