राणीच्या वाचनामागचा कोयता

मंगळवार, संध्याकाळ. पाथर्डी

माझ्या वर्गातल्या राणीचं इंग्रजी वाचन आज फोनवर आलं. त्या फुकटच्या ॲपमध्ये पोरं धडा वाचतात, ॲप गुण देतं. तिला पैकीच्या पैकी. पण प्रत्येक वाक्यामागे कोयत्याचा आवाज, आणि शेवटी तिची आई ओरडते, "आटप, मोळी बांध!"

दरवर्षी आईबाप कोपरगावाकडे ऊसतोडीला जायचे, राणी शाळेसाठी आजीपाशी राहायची. यंदा मीच कौतुकानं तिच्या बापाला ॲप दाखवलं. तो म्हणाला, "शाळा मोबाईलातच हाय ना बाई? मग पोरीला संगंच नेतो."

तेव्हा मी हसले होते का?

पुन्हा ऐकलं. कोयता थांबतच नाही. ॲप विचारतंय, पुढचा धडा पाठवायचा? पाठवला तर ती तिथंच राहील. नाही पाठवला तरी तिथंच.